विशेष शिक्षकाचा पगार नेमका कशावर ठरतो?

‘विशेष शिक्षकाला पगार किती मिळतो?’ प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो. विचारणारी मुले-मुली पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतात. दिव्यांग मुलांसोबत काम करायची मनापासून इच्छा असते, पण घरी आई-वडिलांना काहीतरी ठाम सांगावे लागते. या प्रश्नाला एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सहावी ते आठवीच्या मुलांना शिकवणारा एक विशेष शिक्षक महाराष्ट्रात आज महिन्याला साठ हजारांवर सही करतो, आणि तीच पदवी असलेला दुसरा त्याच तालुक्यात त्याच्या चौथाई रकमेवर महिना काढतो. दोघांच्या कौशल्यात फरक असेलच असे नाही. फरक त्यांच्या पदात असतो. पद कोणी मंजूर केले, पैसे कुठल्या खात्यातून येतात आणि नेमणुकीच्या कागदावर ‘वेतनश्रेणी’ लिहिले आहे की ‘मानधन’, या तीन गोष्टींवर बाकी सगळे अवलंबून असते.

मला हे फार खटकते. ज्या मुलाला बोट धरून शिकवावे लागते त्याच्या शिक्षकाचा पगार सर्वांत बेभरवशाचा असावा, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. पण व्यवस्था बदलेपर्यंत तिची रचना नीट समजून घेणे आपल्या हातात आहे. नव्याने या क्षेत्रात येणाऱ्यांनी ती समजून घेऊन मगच पाऊल टाकावे. आधीच रुजू झालेल्यांनी आपण नेमके कुठे उभे आहोत ते तपासावे.

सहावी ते आठवी हा टप्पा मुद्दाम निवडला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात याला मध्य टप्पा असे वेगळे स्थान आहे. पाचवीपर्यंत बहुधा एकच बाई सगळे विषय शिकवतात आणि मुलाला ओळखून असतात. सहावीत विषयागणिक शिक्षक येतात, फळ्यावरचा मजकूर वाढतो, बीजगणिताची अक्षरे येतात, विज्ञानाच्या व्याख्या येतात. सौम्य श्रवणऱ्हास असलेले मूल इतके दिवस ओठ वाचून निभावून नेत असते. आता शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्याचा धागा तुटतो. अध्ययन अक्षमता असलेली बरीच मुलेही याच वयात पहिल्यांदा लक्षात येतात. तोवर त्यांना ‘आळशी’ म्हणून सोडून दिलेले असते. म्हणजे विशेष शिक्षकाची गरज इथे कमी होत नाही, उलट वाढते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरले आहे. पहिली ते पाचवीला दिव्यांग १० विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीला १५ विद्यार्थ्यांमागे एक. हे प्रमाण लक्षात ठेवा. पदे मागताना ते कामी येते.

नोंदणी नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ

पगाराआधी पात्रतेचे दोन शब्द. भारतीय पुनर्वास परिषद ही १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था. विशेष शिक्षणातली पदविका किंवा पदवी या परिषदेच्या मान्यतेची हवी आणि ती झाल्यावर केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत तुमचे नाव हवे. या नोंदणीचा क्रमांक म्हणजेच सगळे ज्याला ‘सीआरआर नंबर’ म्हणतात तो. तो नसताना विशेष शिक्षक म्हणून काम करणे कायद्याने गुन्हा आहे. तो मिळाला की काम संपले असेही नाही. नोंदणीचे ठरावीक काळाने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर पुनर्वास शिक्षणाचे गुण जमवावे लागतात. कार्यशाळांना जाऊन आल्यावर प्रमाणपत्र कपाटात टाकून विसरणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मुलाखत दारात येते आणि नोंदणीची मुदत संपलेली असते. पदवी आहे, अनुभव आहे, पण कागदावर तुम्ही विशेष शिक्षक नाही.

नियमित शाळांतल्या पदांसाठी शिक्षक पात्रता परीक्षेचाही विचार आत्ताच करा. पहिली ते पाचवीसाठी पहिला पेपर, सहावी ते आठवीसाठी दुसरा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांत बी.एड. (विशेष शिक्षण) ही पदवी धरलेली आहे. मात्र नेमणुकीनंतर प्राथमिक शिक्षणाचा सहा महिन्यांचा विशेष कार्यक्रम पूर्ण करण्याची अट सोबत आहे. जाहिरात आली की धावपळ करण्यापेक्षा दुसरा पेपर आधी उत्तीर्ण झालेला बरा.

वेतनश्रेणीतले पद

सर्वांत भक्कम जागा म्हणजे राज्य शासनाच्या वेतनश्रेणीतले मंजूर पद. अशी पदे शासकीय, जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत असतात. अनुदानित विशेष शाळांनाही सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणी लागू आहेत.

राज्याच्या वेतनरचनेत पदविकाधारक प्राथमिक शिक्षकाची श्रेणी एस-१० आहे, २९,२०० ते ९२,३०० रुपये. सहावी ते आठवीच्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची श्रेणी एस-१४, म्हणजे ३८,६०० ते १,२२,८०० रुपये. हा झाला मूळ पगार. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर एस-१० च्या पहिल्या पायरीवर १६,०६० रुपये भत्ता मिळतो आणि बेरीज ४५,२६० होते. एस-१४ वर भत्ता २१,२३०, बेरीज ५९,८३०. मूळ पगारातला फरक ९,४०० चा दिसतो, हातात येताना तो १४,५७० होतो. वर्षाचे पावणेदोन लाख! घरभाडे भत्ता यावर वेगळा. तो मुंबई-पुण्यात सर्वांत जास्त आणि खेड्यात सर्वांत कमी. दरवर्षी मूळ वेतनावर ३ टक्के वाढ मिळते, त्यामुळे पहिल्या दिवशीचे अंतर पुढे रुंदावतच जाते.

आता इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण यात चांगले शिकलेले लोकही गोंधळतात. श्रेणी तुमच्या पदवीला नसते, पदाला असते. तुमच्याकडे बी.एड. आहे, वर एम.एड. आहे, पण जे पद भरले गेले ते पदविकेच्या पात्रतेचे असेल तर पगार एस-१० चाच निघेल. ‘नंतर श्रेणी वाढवून देऊ’ असे संस्थाचालक तोंडी सांगतात. तसे होत नाही. वरच्या श्रेणीचे पद मंजूर असावे लागते, रिकामे असावे लागते आणि त्यावर तुमच्या नावाची मान्यता यावी लागते. म्हणून जाहिरातीत पदाचे नाव, इयत्ता आणि वेतनश्रेणी या तिन्ही गोष्टी छापलेल्या आहेत का ते पाहा. ‘नियमानुसार’ एवढेच लिहिले असेल तर कुठला नियम ते विचारा.

शिक्षणसेवकाचा काळही हिशेबात धरा. राज्यात नव्याने लागणाऱ्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे श्रेणी मिळत नाही, मानधन मिळते. २०२३ च्या जानेवारीपासून ते प्राथमिक व उच्च प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे. त्याआधी ते ६,००० आणि ८,००० होते, म्हणजे सुधारणा मोठीच झाली. तरी मुंबईत १६,००० रुपयांत खोलीभाडे भरून काय उरते, याचा हिशेब रुजू होण्याआधी मांडावा. नियुक्तिपत्रात ‘शिक्षणसेवक’ हा शब्द असेल तर तीन वर्षे कुठल्या तारखेला पुरी होतात तेही लिहून ठेवा. मुदत संपल्यावर नियमित वेतनश्रेणीचा प्रस्ताव वेळेत गेला नाही तर भुर्दंड तुम्हालाच पडतो.

पुढचे टप्पे म्हणजे १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी. या दोन्ही श्रेणी ठरलेली प्रशिक्षणे घेतल्याशिवाय मिळत नाहीत. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागांत काम करणाऱ्या नियमित कर्मचाऱ्यांना एकस्तर, म्हणजे एक स्तर वरच्या, वेतनश्रेणीचा लाभ आहे. गडचिरोलीत नेमणूक मिळाली म्हणून खंतावणाऱ्याने हे विसरू नये. दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाहतूक भत्ता वाढीव दराने मिळतो. आपल्या क्षेत्रात अंध, अस्थिव्यंग आणि कर्णबधिर शिक्षक बरेच आहेत आणि त्यातल्या काहींनी या भत्त्यासाठी कधी अर्जच केलेला नसतो. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांच्या पगारातून मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के रक्कम राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत वळती होते. ती कपात पाहून दचकू नका. मात्र ती तुमच्या खात्यात खरोखर जमा होते का, आणि सोबत शासनाचा हिस्सा पडतो का, हे वर्षातून एकदा तरी उघडून पाहा.

केंद्रीय विद्यालयांत चित्र आणखी वेगळे आहे. तिथे सहावीपासून शिकवणाऱ्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची सुरुवात केंद्राच्या सातव्या स्तरावर, ४४,९०० रुपयांवर होते. वर्षानुवर्षे तिथेही विशेष शिक्षक कंत्राटावरच घेतले जात. २०२५ च्या भरतीत मात्र त्यांची नियमित पदे जाहीर झाली. बदली देशभर कुठेही होऊ शकते, हे घरी आधी बोलून घ्या.

करारावरचे पद आणि फिरती

महाराष्ट्रात विशेष शिक्षक म्हटले की ज्यांची आठवण यावी ते समग्र शिक्षा अभियानातले शिक्षक. सर्व शिक्षा अभियानाच्या काळापासून हे लोक गटसाधन केंद्रात बसतात आणि तालुकाभर फिरतात. एका शाळेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीची बसायची खुर्ची नीट करायची, दुसरीकडे सातवीतल्या मुलासाठी भूगोलाचा नकाशा उठावदार करून द्यायचा, दुपारी एका घरी जायचे, कारण तिथले मूल शाळेत येऊच शकत नाही. संध्याकाळी नोंदी भरायच्या. मोजमाप शिबिरे, साहित्यवाटप आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी पालकांसोबत जिल्हा रुग्णालयात थांबणे, हेही त्यांचेच काम. इतके काम करणाऱ्यांचे नियुक्तिपत्र वर्षानुवर्षे ठरावीक महिन्यांच्या कराराचे असे आणि त्यात ‘एकत्रित मानधन’ हे दोन शब्द असत.

त्या दोन शब्दांचा अर्थ असा की महागाई भत्ता नाही, घरभाडे नाही, वार्षिक वाढीची हमी नाही. जी रक्कम लिहिली तीच, आणि ती नियमित शिक्षकाच्या पगारापेक्षा बरीच कमी. योजनेचा ६० टक्के खर्च केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलते. वार्षिक आराखड्याला दिल्लीत मंजुरी मिळाली, निधीचा हप्ता सुटला, मग राज्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. एका ठिकाणी अडले की मानधन थांबते आणि घराचा हप्ता चुकतो.

फिरतीचा खर्च तर कुणी मोजतच नाही. समजा तुम्ही दिवसाला ६० किलोमीटर दुचाकीवर फिरता, महिन्यात २२ दिवस. झाले १,३२० किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर मिळाले तर २९ लिटर पेट्रोल, म्हणजे तीन हजारांच्या वर. टायर, ऑइल, पावसाळ्यातली दुरुस्ती वेगळी. हा प्रवास भत्ता मानधनाच्या वर मिळणार की त्यातूनच भागवायचे, हे कराराच्या कागदात लिहून घ्या. दोन पदांची तुलना करताना मानधनाच्या आकड्यातून हा खर्च वजा करूनच तुलना करा. तालुक्याच्या गावी एकाच शाळेत बसून मिळणारे १८,००० हे दऱ्याखोऱ्यांत फिरून मिळणाऱ्या २०,००० पेक्षा जास्त असू शकतात.

करारावर काम करणाऱ्यांसाठी गेल्या काही वर्षांत दोन महत्त्वाच्या घडामोडी झाल्या. राज्य सरकारने २०२४ मध्ये केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. इथे केंद्र म्हणजे केंद्रप्रमुखाच्या हाताखालचा शाळांचा गट. दुसरी घडामोड दिल्लीची. रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विद्यार्थी-शिक्षक प्रमाणाचा आग्रह धरला होता. त्याच प्रकरणात ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने सगळ्या राज्यांना विशेष शिक्षकांची मंजूर पदे अधिसूचित करायला आणि नियमित भरती करायला सांगितले. वर्षानुवर्षे करारावर राबणाऱ्यांची पात्रता छाननी समितीने तपासावी, असेही आदेशात आहे. माझ्या मते या क्षेत्रातल्या पगाराचा प्रश्न सुटण्याची खरी वाट हीच आहे. मानधनात हजार-दोन हजारांची वाढ मागत राहण्यापेक्षा पद मंजूर करून घेण्याची मागणी लावून धरावी. आणि छाननी म्हटली की पुन्हा कागद आलेच. नोंदणीचे प्रमाणपत्र, प्रत्येक वर्षाचा आदेश, प्रत्येक महिन्याचे मानधन जमा झाल्याची बँकेची नोंद. एका वर्षाचा आदेश हरवला तरी सेवेत खंड दिसतो.

खासगी शाळा, स्वयंसेवी संस्था आणि ‘शॅडो’

विनाअनुदानित विशेष शाळांची अवस्था मी गोड करून सांगणार नाही. यातल्या अनेक शाळा एखाद्या दिव्यांग मुलाच्या आई-वडिलांनी पदरमोड करून उभ्या केलेल्या असतात. हेतू निर्मळ असतो, तिजोरी रिकामी असते. पगार देणग्यांवर आणि फीवर चालतो. काही संस्थांना केंद्राच्या दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वास योजनेतून अनुदान मिळते. त्यात शिक्षकाचे मानधन ठरलेले असते, पण ते हप्त्याने येते. अशा ठिकाणी काम करायचे तर संस्थेने गेल्या वर्षी किती महिने पगार वेळेवर दिला, हे तिथल्या जुन्या शिक्षकाला विचारा. कार्यालयात विचारू नका. शिकायला मात्र या शाळांइतकी चांगली जागा नाही. पहिली दोन वर्षे इथे काढून हात तयार झालेले शिक्षक पुढे कुठेही उभे राहतात.

काही ठिकाणी याहून वाईट गोष्ट चालते. बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि महिनाअखेरीस त्यातला हिस्सा रोखीने परत घेतला जातो. त्याला देणगी म्हणतात, विकास निधी म्हणतात. कोऱ्या व्हाउचरवर सही करू नका. नोकरीची गरज कितीही असली तरी नाही.

शहरातल्या मोठ्या खासगी शाळा हा वेगळाच प्रांत. सीबीएसईच्या संलग्नता नियमांनुसार शाळेत विशेष शिक्षक नेमावा लागतो. आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांत स्वतंत्र संसाधन कक्ष असतात. इथला पगार वाटाघाटीने ठरतो आणि इथे इंग्रजी, अहवाललेखन आणि पालकांशी बोलण्याची हातोटी यांना पैसा मिळतो. इथे तुमची शाखाही महत्त्वाची ठरते. अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या शाखांना मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकमध्ये मागणी जास्त आहे. शालान्त परीक्षेच्या सवलतींसाठी मुलाची तपासणी सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतून करून घ्यावी लागते, आणि पालकांची धावपळ सातवी-आठवीतच सुरू होते. त्या वेळी मुलाची अडचण कागदावर नीट मांडू शकणारा शिक्षक शाळेला हवाच असतो. दृष्टिबाधित आणि कर्णबधिरांच्या शाखांना खासगी शाळांत मागणी कमी, पण वेतनश्रेणीतली पदे जुन्या अनुदानित शाळांमुळे याच शाखांत बऱ्यापैकी आहेत. शाखा निवडताना दोन्ही बाजू पाहा. आणि मूल आवडते की नाही हे आधी पाहा. ज्याला ब्रेल शिकवण्यात आनंद आहे त्याने केवळ बाजार पाहून स्वमग्नतेकडे वळू नये.

शॅडो टीचर म्हणजे एकाच मुलासोबत वर्गात बसणारा शिक्षक. पैसे बहुधा पालक देतात, शाळा फक्त बसू देते. महिन्याची रक्कम ऐकायला बरी वाटते, पण वर्षात बारा महिने नसतात. मे महिन्याचे पैसे मिळत नाहीत, मूल आजारी पडले की कापले जातात, मूल शाळा सोडून गेले की काम संपते. म्हणून महिन्याची रक्कम दहाने गुणून बाराने भागा. जो आकडा येईल तो तुमचा खरा महिना.

खासगी नोकरीत आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. तुम्हाला ‘पगार’ मिळतो की ‘व्यावसायिक फी’? फी असेल तर १० टक्के कर आधीच कापून पैसे येतात. तो परत मिळवता येतो, पण खरा तोटा वेगळाच आहे. फी घेणारा कर्मचारी धरला जात नाही. भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही, प्रसूती रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही. ग्रॅच्युइटी शिक्षकांना लागू आहे आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आहे. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० असेल तर सेवेच्या दर वर्षाला १५,००० रुपये होतात. दहा वर्षांचे दीड लाख. ‘फी’ या एका शब्दावर सही केल्याने ते जातात. शाळेची हजेरी लावता, शाळेचे वेळापत्रक पाळता, शाळेच्या बैठकांना बसता, तर नेमणूक कर्मचारी म्हणूनच मागा.

परदेशाचा विचार करणाऱ्यांसाठी

नवऱ्याच्या नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच मराठी शिक्षिका तिथे विशेष शिक्षणाकडे वळतात, कारण तिथे या शिक्षकांची टंचाई मोठी आहे. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की तिथे परवाना राज्याचा असतो आणि पगार स्थानिक शालेय जिल्हा ठरवतो. सरकारी शाळांत बहुधा पायऱ्या आणि रकान्यांचे कोष्टक असते. अनुभवाची वर्षे खाली, शिक्षणाची पातळी आडवी. विशेष शिक्षक त्याच कोष्टकात बसतो. टंचाई म्हणून काही ठिकाणी वर रक्कम मिळते. हवाई राज्यात २०२० पासून विशेष शिक्षकांना वर्षाला १०,००० डॉलर जादा दिले जातात. कोष्टक जिल्ह्याच्या संकेतस्थळावर उघडे असते, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वीच आकडा कळतो. भारतातल्या पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि काम करण्याचा परवाना आधी लागतो. इथला अनुभव तिथल्या पायऱ्यांत धरला जावा म्हणून शाळेच्या लेटरहेडवर तारखांसह प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच घ्या. इथून गेल्यावर ते मिळवणे फार अवघड जाते.

रुजू होण्याआधी विचारा

पगाराबद्दल विचारणे म्हणजे सेवाभाव कमी असणे, अशी एक समजूत या क्षेत्रात मुरलेली आहे. ती काढून टाका. पगार न पुरल्याने चांगला शिक्षक सोडून जातो तेव्हा नुकसान त्या मुलाचे होते. स्वमग्न मुलाला एका माणसाची सवय व्हायला महिने लागतात आणि वर्षात तीन शिक्षक बदलले की ते मूल तिथेच राहते.

तेव्हा मुलाखतीत शांतपणे विचारा, हे पद मंजूर आहे का आणि मंजुरीचा आदेश पाहायला मिळेल का. आधी या पदावर कोण होते आणि ते का गेले. वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव किती दिवसांत पाठवणार. ही विचारणा करताना आवाज कापला तरी चालेल. उत्तर टाळले गेले तर तेही एक उत्तरच आहे. रुजू झाल्यावर एक फाईल करा. तीत जाहिरातीचे कात्रण, नियुक्तिपत्र, रुजू अहवालाची पोचपावती असलेली प्रत, मान्यतेचे पत्र, दरमहाची पगाराची स्लिप आणि नोंदणीची कागदपत्रे ठेवा. सेवापुस्तक असेल तर वर्षातून एकदा समोर बसून नोंदी पाहा. वार्षिक वाढ लागली का, प्रशिक्षणाची नोंद झाली का, नावाचे स्पेलिंग बरोबर आहे का. पगारवाढीच्या थकबाकीचे कितीतरी दावे केवळ एक नोंद नसल्याने अडकून पडतात.

तक्रार करायची तर पायरी चुकवू नका. नियमित शाळेचे प्रकरण शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते आणि खासगी मान्यताप्राप्त शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे. विशेष शाळांना वेगळी संहिता आहे आणि त्यांचा कारभार दिव्यांग कल्याण विभागाकडे जातो. पुण्यातले दिव्यांग कल्याण आयुक्तालय हे त्यांचे वरिष्ठ कार्यालय. चुकीच्या दारात अर्ज दिला की सहा महिने वाया जातात.

आणि पालकांना एक विनंती. तुमच्या मुलाच्या शाळेत सहावी ते आठवीला किती दिव्यांग विद्यार्थी आहेत ते मुख्याध्यापकांना लेखी विचारा. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत विशेष शिक्षकाच्या मंजूर पदाचा ठराव मांडा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात पोचती करून पोचपावती घ्या. पदाची मागणी शिक्षकाने केली तर ती त्याची वैयक्तिक गरज समजली जाते. पालकांच्या सह्यांनी गेलेला ठराव बाजूला सारणे कार्यालयाला अवघड जाते.